दिवा खाली धर : एका चित्रपुस्तकाच्या प्रकल्प नोंदी

१० जून २०२४

वही आजपासून. काम ठरलं: युद्धात काम केलेल्या परिचारिकेवर मराठीत चित्रपुस्तक, सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी. आतली २४ पानं, पहिलं आणि शेवटचं सुटं, मधे अकरा जोडपानं. मजकूर माझा, चित्रं मैत्रिणीची. ती मिरजेत, मी सांगलीत, त्यामुळे कागद घेऊन कधीही एकमेकींकडे जाता येतं.

कोणावर करायचं यात दोन आठवडे गेले. ईडिथ कॅव्हेलचा विचार केला. ब्रसेल्समध्ये राहून तिने सुमारे दोनशे दोस्त सैनिकांना निसटून जायला मदत केली आणि १२ ऑक्टोबर १९१५ ला जर्मनांनी तिला गोळ्या घातल्या. लहान मुलांना हे सांगता येणार नाही असं नाही, पण सगळं पुस्तक शेवटच्या पानाकडे ओढलं जाईल. नर्स म्हणून ती सकाळपासून रात्रीपर्यंत काय करायची हे कोणाच्या लक्षात राहणार नाही. क्लॅरा बार्टनसाठी आधी अमेरिकेचं यादवी युद्ध समजावावं लागेल. शेवटी फ्लॉरेन्स नाइटिंगेल, क्रिमियन युद्धात ब्रिटिश सैनिकांची शुश्रूषा करणारी. तिच्यावर पुस्तकं पुष्कळ आहेत, हे खरं. पण त्यात काम फार थोडं दिसतं.

माझी आई एकतीस वर्षं सरकारी रुग्णालयात सिस्टर होती. ड्यूटीवरून आली की तिच्या हातांना साबणाचा वास यायचा. तो वास मला या पुस्तकात हवाय.

१८ जून

ग्रंथालयातून, ओळखीच्यांच्या घरून, मिळतील तिथून युद्धातल्या परिचारिकांवरची चित्रपुस्तकं आणली. इंग्रजी जास्त, मराठी थोडी. सगळी समोर पसरून बसलो. तीन गोष्टी जवळपास सगळीकडे सारख्या. पहिली, पांढराशुभ्र गणवेश. दुसरी, सैनिकाच्या कपाळावर एक स्वच्छ पट्टी, त्यावर लाल ठिपका, आणि सैनिक हसतोय. तिसरी, हातात अल्लाउद्दीनचा असतो तसा चोचीचा दिवा, त्यातून निघणारी पिवळी प्रभा थेट तिच्या डोक्यामागे.

पांढरा गणवेश तर सरळ चूक आहे. फ्लॉरेन्सबरोबर गेलेल्या परिचारिकांना राखाडी जाड लोकरी कपडे दिले होते आणि खांद्यावरून घ्यायच्या पट्ट्यावर लाल दोऱ्याने ‘स्कुतारी हॉस्पिटल’ असं भरलेलं होतं. कपडे अंगाला नीट बसतही नसत. ती स्वतः काळ्या पोशाखात असे. मैत्रीण खूश झाली, कारण राखाडीवर लाल भरतकाम काढायला तिला आवडतं. रंगांची पहिली पट्टी आजच लागली: राखाडी, काळा, मातकट, आणि लाल अगदी जपून.

दिव्याचं बघू. मला शंका आहे.

१ जुलै

मजकुराचा पहिला खर्डा. २१ ऑक्टोबर १८५४ ला फ्लॉरेन्स लंडनहून निघाली, ४ नोव्हेंबरला कॉन्स्टँटिनोपलला पोचली, तिच्याबरोबर ३८ बायका. बॉस्फरसच्या पलीकडच्या काठावर स्कुतारी, म्हणजे आजच्या इस्तंबूलमधलं उस्कुदार. तिथे तुर्की लष्कराची प्रचंड चौकोनी बराक, तिचंच रुग्णालय केलेलं. दुसऱ्याच दिवशी क्रिमियात इंकरमनची लढाई झाली आणि जखमी बोटींनी येऊ लागले. काळ्या समुद्रापलीकडून.

मुलांना नकाशा लागेल. पण पूर्ण पानाचा नकाशा म्हणजे धडा वाटतो. मैत्रिणीने समुद्र आणि बोट काढली आणि बोटीच्या मागे पाण्यावर गावांची नावं तरंगती ठेवली. चाललं.

मला लिहिताना सगळ्यात मजा आली ती नावांची. आईवडील युरोपात फिरत असताना दोघी बहिणी जन्मल्या. थोरली नेपल्सला, म्हणून त्या गावाच्या जुन्या ग्रीक नावावरून ती पार्थेनोपी. धाकटी १२ मे १८२० ला फ्लॉरेन्सला, म्हणून ती फ्लॉरेन्स. आमच्या शेजारची मुलगी म्हणाली, मग मी मिरजताई. हा संवाद मजकुरात घालता येणार नाही, पण पहिल्या पानावर ‘तुझ्या गावावरून तुझं नाव ठेवलं असतं तर?’ एवढी ओळ घातली.

१४ जुलै

आज सापडलेल्या गोष्टीने दिवस गेला.

फ्लॉरेन्स १८५० मध्ये अथेन्सला गेली होती तेव्हा अ‍ॅक्रोपोलिसजवळ मुलं घुबडाच्या एका पिल्लाला त्रास देत होती. तिने ते सोडवून घेतलं, नाव ठेवलं अथेना, आणि घरी आणलं. ते तिच्या खिशात बसायचं. १८५४ मध्ये तिची युद्धावर निघण्याची धावपळ चालू होती त्याच दिवसांत ते मेलं. तिने त्याचं शरीर पेंढा भरून जतन करायला सांगितलं. ते अजून लंडनच्या तिच्या संग्रहालयात आहे.

आणि मग बहिणीने, पार्थेनोपीने, त्या घुबडाची गोष्ट लिहिली, स्वतः चित्रं काढली, आणि १८५५ मध्ये फ्लॉरेन्स तिकडे तापाने आजारी पडली तेव्हा ते छोटं पुस्तक तिला पाठवलं. म्हणजे आम्ही आज जे करतोय त्याच्या अगदी जवळचं काम बहिणीने बहिणीसाठी, युद्ध चालू असतानाच केलेलं. आजारी परिचारिका अंथरुणात पडून सचित्र पुस्तक वाचते आहे, हे दृश्य मला कुठल्याच चित्रपुस्तकात मिळालं नाही. आम्ही ते जोडपान करणार.

ते घुबड म्हणजे आपल्या पिंगळ्याचं भावंड. युरोपातला तो छोटा पिंगळा आणि आपला ठिपकेवाला पिंगळा एकाच कुळातले, आणि त्या कुळाचं शास्त्रीय नावच मुळी अथेनी. १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला रानपिंगळाही त्याच कुळात धरला जातो. तेव्हा मजकुरात ‘घुबड’ नाही, ‘पिंगळा’. मुलांना आंब्याच्या ढोलीत बसलेला पिंगळा माहीत असतो.

२० जुलै, शनिवार

पहिलं वाचन. सांगलीपासून तासाभरावरच्या गावातली जिल्हा परिषदेची शाळा, दुसरी आणि तिसरी मिळून तेवीस मुलं. पेन्सिलीची चित्रं, पानं सुटी.

बाईंनी आधीच बाजूला घेऊन सांगितलं, घुबडाचं पान काढता आलं तर बघा, पालक म्हणतील अशुभ आहे. मी म्हटलं, वाचून तर बघू. पिंगळ्याचं पान आल्यावर एक मुलगा उठून म्हणाला, आमच्याकडे पहाटे पिंगळा येतो, कुडमुडं वाजवतो. त्याच्या डोक्यात पक्षी नव्हता, पहाटे भविष्य सांगत फिरणारा पिंगळा होता. मग दुसरीने सांगितलं की लक्ष्मी घुबडावर बसते. दहा मिनिटं वर्ग त्यातच रमला. बाई नंतर म्हणाल्या, राहू द्या ते पान.

खरा प्रश्न शेवटी आला. खर्ड्यात माझी ओळ होती: ‘फ्लॉरेन्स आली आणि सैनिक बरे होऊ लागले.’ मागच्या बाकावरची एक मुलगी, सगळा वेळ गप्प, तिने विचारलं, “सगळे?”

मी म्हटलं, पुष्कळसे.

ती म्हणाली, “माझे आबा दवाखान्यात गेले, तिथे सिस्टर चांगल्या होत्या. पण ते नाही आले परत.”

मी काहीतरी बोलले. ते बरोबर नव्हतं.

२१ जुलै

रात्रभर तेच. माझी ओळ खोटी आहे. गोड करायला लिहिलेली, आणि खोटी.

झालं ते असं. ती पोचली त्या हिवाळ्यात स्कुतारीत माणसं आणखीच मेली. त्या एका हिवाळ्यात तिथे चार हजारांवर सैनिक गेले, बहुतेक जखमांनी नव्हे, तर हगवण, कॉलरा, विषमज्वर, तापांनी. फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल झालेल्या शंभरातले सुमारे बेचाळीस मरत होते. ती जेवण सुधारत होती, कपडे धुऊन घेत होती, फरशा घासून घेत होती, तरीही. कारण बराक ज्यांच्यावर उभी होती ती गटारं तुंबलेली होती आणि ती हवा, ते पाणी आत येत होतं. मार्च १८५५ मध्ये ब्रिटिश सरकारने स्वच्छता आयोग पाठवला. त्यात डॉक्टर जॉन सदरलँड आणि इंजिनियर रॉबर्ट रॉलिन्सन होते. त्यांनी गटारं उपसली, मेलेली जनावरं पुरली, भिंतींना चुना दिला, हवेला वाट करून दिली. जूनपर्यंत शंभरात दोनावर आलं.

आणि हे सगळं नंतर आकडे मांडून जगाला दाखवलं ते तिनेच. चांगली सिस्टर असूनही माणसं का गेली, हाच तिचा पुढच्या आयुष्याचा प्रश्न झाला. त्या मुलीने विचारला तोच.

पुस्तक इथून पुन्हा लिहायचं.

५ ऑगस्ट

नवा क्रम. मधलं जोडपान, पान १२-१३, जिथे पिना बसतात तिथे, गटाराचं. वर वॉर्ड, खाली जमीन कापून दाखवलेली, आत काळं तुंबलेलं पाणी. उजव्या पानावर फावडी घेतलेली माणसं, आणि पाणी वाहू लागलेलं. मैत्रीण आधी बिचकली, म्हणाली मुलांच्या पुस्तकाच्या ऐन मध्यावर गटार? मग तिनेच तीन दिवसांत असं काढून आणलं की नजर हटत नाही. जमिनीचे थर, मुळं, गांडुळं, आणि त्या अंधारात निळसर राखाडी पाण्याची वळवळती रेघ.

ओळ: ‘फ्लॉरेन्सने खूप काम केलं. तरी पुष्कळ सैनिक वाचले नाहीत. मग कोणीतरी जमिनीखाली पाहिलं.’

एका प्रकाशकांना ही दोन पानं दाखवली होती. ते म्हणाले, याऐवजी प्रार्थना करणारी नर्स घ्या, जास्त खपेल. आम्ही ते पान बदलणार नाही.

९ ऑगस्ट

धुणं. तिने रुग्णालयाजवळ एक घर भाड्याने घेतलं, पाणी तापवायचे बंब बसवले आणि सैनिकांच्या बायकांना धुण्याच्या कामाला लावलं. पान ८-९. पिळलेल्या चादरी दोऱ्यांवर, वाफ, बाह्या सरसावलेल्या बायका. पहिल्यांदाच लाल रंग मोठ्या जागेत वापरला, त्यांच्या हातांसाठी. गरम पाण्याने लाल झालेले हात.

२६ ऑगस्ट

मेरी सीकोल.

ती पुस्तकात असावी की तिचं स्वतंत्र पुस्तक करावं, यावर आमचं भांडण झालं. खरं भांडण, दोन दिवस फोन नाही.

जन्म १८०५ चा, किंग्स्टन, जमैका. आई झाडपाल्याची औषधं देणारी, आजारी माणसांना ठेवून घेणारं निवासगृह चालवणारी. पनामात मेरीने कॉलऱ्याची साथ अंगावर घेतली होती. १८५४ मध्ये लंडनला येऊन तिने युद्धावर जायची परवानगी मागितली, तेव्हा एकेका दारातून नकार मिळाला. माझा रंग हे कारण असेल का, असं तिनेच आपल्या आत्मचरित्रात विचारलंय. मग ती स्वतःच्या पैशाने गेली. क्रिमियातल्या बालाक्लाव्हाजवळ १८५५ मध्ये भागीदाराबरोबर पत्रे, लाकडं जमवून ‘ब्रिटिश हॉटेल’ उभं केलं. तिथे सैनिकांना गरम जेवण, चहा, औषध मिळे. लढाईच्या दिवशी खेचरांवर पट्ट्या आणि खाणं लादून ती रणात जायची.

मैत्रिणीचं म्हणणं, दोघी एका पुस्तकात आल्या की मुलं लगेच विचारणार, मोठी कोण. आजकाल मोठी माणसंही तेच विचारतात आणि एकीला वर करण्यासाठी दुसरीला खाली ओढतात. माझं म्हणणं, मग त्या खरोखर भेटल्या होत्या तेवढंच दाखवू. स्कुतारीला मेरी एका रात्रीसाठी थांबली, फ्लॉरेन्सला भेटली, आणि धुणाऱ्या बायकांच्या खोल्यांत तिला झोपायला जागा मिळाली.

धुणाऱ्या बायका आमच्या पान ८-९ वर आहेतच! तेव्हा तेच घर पान १४-१५ वर रात्री दाखवायचं. दोरीवर चादरी, खाटेवर लाल रुमाल बांधलेली मेरी, सकाळी पुढे निघणारी बोट. लाल रुमाल तिच्या १८६९ च्या तैलचित्रातून घेतला, जे लंडनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र दालनात आहे. गळ्याभोवती लाल रुमाल, छातीवर तीन पदकं. पदकं आम्ही नाही काढली, ती नंतरची. आणि मलपृष्ठावर एक ओळ: ‘मेरीची गोष्ट पुढच्या पुस्तकात.’ ते करायचंच आहे.

७ सप्टेंबर

गणपती बसले. दहा दिवस काम बंद.

२२ सप्टेंबर

आकड्यांचं पान. १८५८ मध्ये तिने प्रसिद्ध केलेली ती गोल आकृती: बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या, निळा रंग टाळता येण्यासारख्या रोगांचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. निळ्या पाकळ्या इतक्या मोठ्या की लाल शोधावा लागतो. त्याच सुमाराला लंडनच्या सांख्यिकी सोसायटीने तिला सभासद करून घेतलं. त्या सोसायटीत ती पहिली स्त्री.

मैत्रिणीने ती रांगोळीसारखी काढली, अंगणात फ्लॉरेन्स बसून निळी रांगोळी भरतेय अशी. चित्र सुंदर होतं. मी नको म्हटलं. ती रांगोळी घालत नव्हती, टेबलावर बसून कागदावर मोजत होती, आणि मुलांना मोजणारी बाईच दिसायला हवी. आकृती मोठी, पानभर ठेवली. कोपऱ्यात ती, शाई लागलेली बोटं, कागदांचे गठ्ठे.

याच पानाच्या तळाशी भारताबद्दल दोन ओळी. ती इथे कधी आली नाही, पण इथल्या लष्करी छावण्यांत हजारी ६९ सैनिक दरवर्षी मरतात हे तिने आकड्यांनिशी मांडलं. म्हातारपणी पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या चिटणिसांना गावांतल्या स्वच्छतेबद्दल पत्रं लिहिली. आणि २८ मार्च १८८८ ला लष्करी रुग्णालयांसाठी दहा प्रशिक्षित परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या, तिथून आपल्या लष्करी परिचर्या सेवेचा धागा सुरू होतो. तिसरीतल्या मुलांना सार्वजनिक सभा कळणार नाही. ‘पुण्याला पत्रं पाठवली’ एवढं कळेल. तेवढंच ठेवलं.

१० ऑक्टोबर

दिवा!

जूनपासूनची शंका खरी निघाली. तिच्या हातात चोचीचा तेलाचा दिवा नव्हताच. तिथे रात्री वापरायचे ते तुर्की कंदील, फानूस. वर आणि खाली धातूची तबकडी, मधे मेण लावलेल्या कापडाच्या चुण्या, आत मेणबत्ती. नको तेव्हा दाबून चपटा करायचा, हवा तेव्हा ओढून उघडायचा. तसा एक लंडनच्या लष्करी संग्रहालयात जपलेला आहे. फेब्रुवारी १८५५ मध्ये ‘टाइम्स’मध्ये हातात छोटा दिवा घेऊन फिरणाऱ्या बाईंचं वर्णन आलं, १८५७ मध्ये अमेरिकन कवी लाँगफेलोने कविता लिहिली, आणि दिवा प्रसिद्ध झाला. चित्रकारांनी त्याला हवा तो आकार दिला. नर्सिंग कॉलेजात दीपप्रज्वलनाला मुली हातात जो दिवा घेतात तो त्या कल्पनेतला. आईच्या शपथविधीच्या फोटोतही तोच आहे. त्या फोटोबद्दल माझ्या मनात जरा वाईट वाटलं, मग वाटलं, त्या शपथेचं मोल दिव्याच्या आकारात नाही.

मी वर्णन फोनवर वाचून दाखवत होते आणि मैत्रीण मधेच म्हणाली, “अगं, हा तर घडीचा आकाशकंदील.”

अगदी तोच! वाण्याकडे पिशवीत चपटा मिळतो, ओढला की फुगतो. मिरजेच्या बाजारात आत्ता दिवाळीसाठी टांगलेले आहेत. फानूस हा शब्दही आपल्याकडे आहे, फारसीतून आलेला, जुन्या वाड्यांतल्या काचेच्या हंड्यांसाठी. जे चित्र परक्या देशातलं म्हणून मुलांना समजावावं लागेल असं वाटत होतं, ते त्यांच्या दारावर टांगलेलं आहे.

पुस्तकाचं नाव ठरलं: ‘फानूस’.

२७ ऑक्टोबर, रविवार

उद्या वसुबारस. मैत्रीण रात्रीच्या वॉर्डाचं चित्र घेऊन घरी आली, पान १६-१७. लांबलचक मार्गिका, दोन्ही बाजूंना खाटा, फ्लॉरेन्स मधोमध उभी, फानूस खांद्याच्या उंचीवर धरलेला, उजेड सैनिकाच्या चेहऱ्यावर. देखणं चित्र. मी खूश.

आईने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. “हिने कधी नाईट केली नाही का?”

का, म्हटलं.

“दिवा तोंडावर धरलाय. दिवा खाली धरायचा, पायाशी. तोंडावर धरलास की झोपलेला जागा होतो, आणि जागा असतो तो घाबरतो. आम्ही बॅटरी फरशीवर मारत जायचो. आधी पांघरूण हलतंय का बघायचं, श्वास कळतो. मग पट्टी ओली झालीय का. मग हात लावून ताप. चेहरा सगळ्यात शेवटी.”

मैत्रिणीने लगेच पेन्सिल काढली. आईने आणखी तीन गोष्टी सांगितल्या. सिस्टर रुग्णाच्या खाटेवर बसत नाही, खाली वाकते किंवा बाजूला गुडघा टेकते. मोकळा हात मोकळा ठेवायचा, त्यात काही धरायचं नाही. आणि रात्री चालताना टाच आधी टेकवायची नाही, आवाज होतो.

त्यानंतर आम्ही दोघींनी घरात दिवे बंद केले, नवा घडीचा कंदील उघडला, आत मेणबत्तीऐवजी सेलवरचा छोटा दिवा ठेवला आणि आईला तो धरून हॉलमधून चालायला सांगितलं. तिने सवयीने गुडघ्याजवळ धरला. चुण्यांमुळे फरशीवर उजेडाचे पट्टे पडले. तिचा चेहरा जवळजवळ अंधारात. आणि मागच्या भिंतीवर तिची सावली, कमरेपासून छतापर्यंत, घडी पडल्यासारखी वाकून आढ्यावर गेलेली.

चेहऱ्यामागची प्रभा आपोआप गेली. उजेड खाली, चादरींवर. सैनिकांना दिसते ती सावली.

४ नोव्हेंबर

ती स्कुतारीला पोचली त्याला आज १७० वर्षं. भाऊबीज काल झाली, फराळाचा डबा घेऊन मिरजेला गेले.

पान १६-१७ चं पक्कं चित्र झालं. जलरंग, तीन दिवस लागले. तिची सावली भिंतीवरून पडते तेव्हा सैनिक त्या सावलीचं चुंबन घेत, असं लाँगफेलोच्या कवितेत आहे, एका सैनिकाच्या पत्रातही तसं म्हटल्याचं सांगतात. आम्ही ते दाखवलं नाही. सहा वर्षांच्या मुलाला ते विचित्र वाटेल, आणि मला ती देवी व्हायला नको होती. एक सैनिक डोळे उघडे ठेवून सावलीकडे पाहतोय, एवढंच. खाटेखाली बूट, बुटात अडकवलेलं पत्र.

ओळ फक्त एक: ‘ती दिवा खाली धरायची, म्हणजे कोणी जागं होऊ नये.’

ही ओळ आईच्या अनुभवातून आलेली आहे, कुठल्या कागदपत्रातून नाही. बराच विचार केला. फ्लॉरेन्सच्या तोंडी किंवा नावावर जे नाही ते घालायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं. म्हणून ओळ बदलली: ‘रात्री दिवा खाली धरायचा, म्हणजे कोणी जागं होत नाही. सगळ्या सिस्टरना हे माहीत असतं.’ आता ती खरी आहे.

१८ नोव्हेंबर

दुसरं वाचन पुढे गेलं. २० तारखेला मतदान, शाळेत केंद्र आहे, बाईंनाही ड्यूटी लागली.

३० नोव्हेंबर, शनिवार

दुसरं वाचन. डमी पूर्ण, रंगीत छपाई घरच्या प्रिंटरवर, मधे दोन पिना.

आधी कार्यानुभवाच्या तासाला घडीचे कागद देऊन छोटे फानूस केले. मग खिडक्यांना चादरी लावून वर्ग अंधारा केला, दोन मुलं खाली बाकांवर ‘आजारी’, एक मुलगी सिस्टर. तिने दिवा वर धरला. आजारी पडलेल्या मुलाने ओरडून डोळे मिटले. मग तिने खाली धरला. सगळा वर्ग भिंतीवरच्या सावलीकडे बघत राहिला. अर्धा तास कोणालाच पुस्तक नको होतं, सगळ्यांना सिस्टर व्हायचं होतं, मुलग्यांनाही. बाईंनी मुलग्यांना आवर्जून पाठवलं.

नंतर वाचन. गटाराच्या पानावर शांतता, मग प्रश्न: आपल्या शाळेमागचं गटार कुठे जातं? कोणालाच माहीत नव्हतं, बाईंनाही. पुढच्या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या माणसाला बोलावून विचारायचं ठरलं.

‘पुष्कळ सैनिक वाचले नाहीत’ ही ओळ आली तेव्हा मी मागच्या बाकाकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं. ती मुलगी पुस्तकाकडे बघत होती. नंतर डमी मागून घेतली आणि गटाराचं पान आणि निळ्या पाकळ्यांचं पान पुढे-मागे करत बसली. जाताना विचारलं, “निळं म्हणजे न मरता आले असते ते?”

हो, म्हटलं.

तिने मान हलवली आणि डमी परत दिली.

१२ डिसेंबर

छापखान्याचं पहिलं प्रूफ आलं. निळा जांभळट आलाय, आकृतीच्या पानावर काळ्यात मिसळतो. तिथे निळा स्पष्ट नसेल तर त्या पानाला अर्थच नाही. परत पाठवलं, बरोबर जलरंगाचा मूळ कागद दिला. चकचकीत आर्ट पेपरही बदलला. अंधाराच्या पानांवर ट्यूबलाइट चमकून सावली दिसत नव्हती. मॅपलिथोवर, म्हणजे बिनचकाकीच्या कागदावर, सावली मऊ बसते.

शेवटच्या सुट्या पानाचं अजून ठरत नव्हतं. युद्धानंतर ती कित्येक वर्षं आजारीच राहिली आणि अंथरुणातून काम करत राहिली, हे मुलांना सांगायचं होतं. ३० जुलै १८९० ला तिचा आवाज फोनोग्राफच्या मेणाच्या नळीवर घेतला गेला, बालाक्लाव्हाच्या जुन्या सैनिकांच्या मदतनिधीसाठी. तो अजून ऐकता येतो. सत्तर वर्षांची बाई, खरखर, आणि त्यातून ‘माझे बालाक्लाव्हाचे जुने सोबती’ असं काहीतरी. शेवटच्या पानावर अंथरूण, उशी, कागद, कर्ण्यासारखं यंत्र, आणि खिडकीत पिंगळा. पिंगळा तेव्हा कधीच गेलेला होता, म्हणून तो कपाटावर पेंढा भरलेला आहे, खिडकीत नाही. मैत्रिणीने बदललं.

२८ डिसेंबर

दुसरं प्रूफ. निळा निळा आला.

आईने आज पूर्ण पुस्तक पहिल्यांदा सलग पाहिलं. धुण्याच्या पानावर थांबली, त्या बायकांच्या हातांवर बोट फिरवलं, काही बोलली नाही. पुढे पान १६-१७. दिवा खाली आहे, ठीक. मग भिंग मागितलं.

उद्या मिरजेला जायचंय. डावीकडून तिसऱ्या खाटेवरच्या सैनिकाच्या दंडाच्या पट्टीची गाठ बरोबर जखमेवर आली आहे. गाठ बाजूला घ्यायची, जखमेवर टोचते.